राफाएलच्या तत्त्वज्ञांच्या सभेत : मिलान ते रोम

पहिला दिवस : मिलान

‘स्कूल ऑफ अथेन्स’ या नावाने जगभर ओळखले जाणारे राफाएलचे भित्तिचित्र रोमला, व्हॅटिकनच्या राजवाड्यात आहे. तरीही त्याच्या दर्शनाचा प्रवास मिलानपासून सुरू करायचा, हे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. भिंतीवर रंग चढण्याआधी राफाएलने कागदावर केलेले पूर्ण आकाराचे पूर्वरेखाटन मिलानच्या आम्ब्रोझियाना संग्रहालयात जतन केलेले आहे, आणि या चित्राची बांधणी आतून कशी आहे हे पाहायचे असेल तर त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्याबरोबर आलेली माझी ताई शास्त्रीय गायन शिकवते. प्राचीन ग्रीसमधील तत्त्वज्ञ आणि त्यांच्याभोवती जमलेली मंडळी हा विषय, त्यामुळे, आम्हां दोघांनाही आपापल्या परीने जवळचा होता.

दुओमो या मिलानच्या मुख्य चर्चच्या चौकातून आम्ब्रोझियाना चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. लिओनार्दोने रंगवलेला संगीतकार आणि काराव्हाज्जोची फळांची टोपली या दोन प्रसिद्ध चित्रांपाशी आम्ही फारसे रेंगाळलो नाही आणि थेट राफाएलच्या दालनात गेलो. दालनात मंद प्रकाश ठेवलेला आहे, आणि एका भल्यामोठ्या अखंड काचेमागे २८५ सेंटिमीटर उंच आणि ८०४ सेंटिमीटर रुंद असे ते रेखाटन उभे आहे. कोळसा आणि पांढरा सफेदा एवढ्याच दोन गोष्टींनी, एकमेकांना चिकटवलेल्या दोनशेहून अधिक कागदांवर ते काढलेले आहे. कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ याने १६१० साली ते उसने आणवले आणि १६२६ साली ६०० लिरा देऊन विकत घेतले. १७९६ साली नेपोलियनच्या सैन्याने ते पॅरिसला नेले, १८१५ नंतर ते परत आले, आणि काही वर्षे चाललेल्या जीर्णोद्धारानंतर २०१९ पासून ते या नव्या मांडणीत पाहायला मिळते.

पहिल्या नजरेतच जाणवते ती एक उणीव, आणि पाहता पाहता तीच या रेखाटनाची श्रीमंती ठरते. भिंतीवरच्या चित्रातील त्या भव्य कमानी, तो छत, ते पुतळे यांपैकी काहीही येथे नाही. आहेत ती फक्त माणसे. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल मध्यभागी आहेत खरे, पण वास्तूची चौकट नसल्यामुळे डोळा त्यांच्याकडे ओढला जात नाही. तो एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात हिंडत राहतो. कोणी दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याच्या वहीत डोकावतो आहे, कोणी बोटे मोजत मुद्दा समजावतो आहे, कोणी मांडीवर कागद ठेवून घाईघाईने उतरवून घेतो आहे, तर कोणी सोबत्याचा हात धरून त्याला पुढे बोलावतो आहे. एका मनातला विचार दुसऱ्या मनात पोहोचतो तेव्हा शरीराला कोणकोणती वळणे पडतात, याचा एवढा बारकाईने केलेला अभ्यास मी तरी दुसऱ्या कोणत्या चित्रात पाहिलेला नाही. राफाएलने तत्त्वज्ञांइतकेच त्यांच्या श्रोत्यांनाही मानाने रंगवले आहे, किंबहुना या चित्राचा खरा विषय ते श्रोतेच आहेत, ही माझी धारणा या दालनात पक्की झाली.

काचेजवळ गेल्यावर आकृत्यांच्या बाह्यरेषांवर सुईने टोचलेली बारीक भोके ओळीने दिसू लागतात. रेखाटन भिंतीवर उतरवण्याची ही पद्धत होती : भोकांवरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत न्यायची, म्हणजे मागच्या ओल्या गिलाव्यावर ठिपक्यांची रेषा उमटते. पण गिलाव्याला लावलेला कागद ओलाव्याने आणि भुकटीने खराब होतो, आणि हा कागद तर आश्चर्यकारक स्वच्छ आहे. त्याचा उलगडा असा, की या कागदाखाली दुसरे कागद ठेवून दोन्ही एकदम टोचले गेले, आणि भिंतीपाशी ते खालचे कागद खर्ची पडले. मूळ रेखाटन जपून ठेवण्याजोगे आहे, हे त्या काळीच ओळखलेले होते.

अखेरीस ज्या आकृत्या येथे नाहीत त्यांची मी मनात नोंद केली. भिंतीवरच्या चित्रात पायऱ्यांच्या पुढ्यात, दगडी ठोकळ्यावर कोपर टेकून विचारमग्न बसलेला एक पुरुष आहे. या रेखाटनात त्याच्या जागी रिकामी फरशी आहे. उजव्या कडेला स्वतः राफाएलही नाही.

दुसरा दिवस : उर्बिनोकडे

मिलानहून एड्रियाटिक समुद्राच्या बाजूने जाणाऱ्या गाडीने पेझारोला उतरलो. उर्बिनोला आता रेल्वे जात नाही. पेझारोहून तासाभराचा बसचा प्रवास करावा लागतो. टेकड्यांवरून वळणे घेत बस वर चढते आणि एका वळणावर भाजक्या विटांचे ते गाव आणि त्याच्या राजवाड्याचे दोन सडपातळ मनोरे समोर येतात.

दिवस मावळण्यापूर्वी राफाएलचे जन्मघर पाहून झाले. १४८३ साली तो येथे जन्मला. वडील जोव्हान्नी सांती चित्रकार होते आणि दरबारासाठी कविताही लिहीत. त्यांची रंगशाळा याच घरात होती. आई १४९१ साली वारली, वडील १४९४ साली, म्हणजे अकराव्या वर्षी मुलगा पोरका झाला. घराच्या लहानशा अंगणात विहिरीशेजारी एक दगड दाखवतात, ज्यावर पिता-पुत्र रंग वाटत असत असे सांगितले जाते. एका खोलीतील भिंतीवर माता आणि बालकाचे छोटे चित्र आहे; ते वडिलांचे की कोवळ्या वयातील राफाएलचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला त्या प्रश्नाच्या उत्तराची फारशी घाई वाटली नाही. ज्या घरात शिकवणारा आणि शिकणारा यांचे हात ओळखू येऊ नयेत इतके एकसारखे चालले, त्या घरातला मुलगा पुढे शिकण्या-शिकवण्याचे सर्वांत मोठे चित्र काढतो, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

तिसरा दिवस : उर्बिनोचा राजवाडा

उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो हा भाडोत्री सैन्याचा सेनापती. त्या पेशात मिळवलेला पैसा त्याने ग्रंथ, चित्रे आणि हा राजवाडा यांवर ओतला. राजवाड्यात आज मार्के प्रांताचे राष्ट्रीय कलादालन आहे. पिएरो देल्ला फ्रांचेस्काची चित्रे, ‘आदर्श नगर’ हे निर्मनुष्य चौकाचे चित्र, आणि राफाएलने रंगवलेली मितभाषी दिसणारी एक स्त्री, हे सर्व येथे आहे. ‘आदर्श नगर’ कोणी रंगवले हे निश्चित नाही, परंतु अंतराचा भास देणाऱ्या यथार्थदर्शनाच्या रेषा एका बिंदूकडे जाताना फरशी, खांब आणि आकाश यांना कशा बांधून ठेवतात, याचा तो वस्तुपाठच आहे. ज्या दरबारात अशा चित्रांची चर्चा होत असे, त्या दरबाराच्या आसपास राफाएल वाढला. वास्तुकार ब्रामान्तेही याच परिसरातला, उर्बिनोजवळच्या एका खेड्यातला. दोघांची पुढे रोममध्ये गाठ पडली.

आमच्या दृष्टीने या राजवाड्यातील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे ड्यूकची अभ्यासिका. ती जेमतेम साडेतीन मीटर लांब-रुंद असेल. १४७६ सालच्या सुमारास पूर्ण झालेल्या या खोलीच्या भिंतींचा खालचा भाग संपूर्ण लाकडी जडावकामाने मढवलेला आहे : अर्धवट उघडी कपाटे, त्यांत ग्रंथ, वाद्ये, खगोलशास्त्राची उपकरणे, आणि हे सारे वेगवेगळ्या छटांच्या लाकडाचे तुकडे बसवून केलेले. त्याच्या वर दोन ओळींत २८ थोर पुरुषांची चित्रे लावलेली होती. होमर, युक्लिड, हिपोक्रेटिस, सिसेरो, मोझेस, सॉलोमन असे १४ जण अजून येथे आहेत. प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, टॉलेमी यांच्यासह उरलेले १४ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेले असून त्यांच्या जागी प्रतिकृती लावलेल्या आहेत.

मी त्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो. प्रत्येक ज्ञानी पुरुष आपल्या चौकटीत बसलेला आहे, आपला ग्रंथ किंवा आपले उपकरण हाती धरून. युक्लिड आणि हिपोक्रेटिस एकाच खोलीत असले तरी दोघांची ओळख आहे असे कुठेच दिसत नाही. थोरांची अशी मालिका लावण्याची रीत त्या काळी सर्वमान्य होती, आणि अभ्यासिकेत एकट्याने वाचत बसणाऱ्या राजपुरुषाला ती शोभूनही दिसते. राफाएलला हीच परंपरा मिळाली होती. त्याने केलेली मोठी गोष्ट ही, की त्याने चौकटी काढून टाकल्या, त्या सगळ्यांना एका छताखाली आणले, उठवून उभे केले, पायऱ्यांवर बसवले, एकमेकांशी बोलायला लावले, आणि प्रत्येकाभोवती ऐकणाऱ्यांचा घोळका दिला. ज्ञान ही एकेका थोर पुरुषाच्या मालकीची वस्तू आहे असे उर्बिनोची खोली सांगते. ते माणसांच्या दरम्यान घडते असे राफाएल सांगतो. मिलानमध्ये मला जे नुसते जाणवले होते, ते येथे तुलनेने स्पष्ट झाले.

चौथा दिवस : रोम

पहाटेची बस, मग गाडी, आणि दुपारी रोम. सामान ठेवून आम्ही पँथिऑनकडे निघालो. दोन हजार वर्षांच्या घरात आलेल्या या मंदिराच्या डाव्या बाजूला, संगमरवरी माता-बालकाच्या मूर्तीखाली राफाएलची समाधी आहे. १५२० सालच्या ६ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला. समाधीवर कोरलेल्या लॅटिन ओळींचा आशय असा : हा तो राफाएल; तो जिवंत असताना सृष्टिमातेला आपण हरू अशी भीती वाटली, आणि तो मरताना आपणही मरू अशी. १८३३ साली समाधी उघडून आतील अवशेष पाहण्यात आले होते. १५१५ पासून रोममधील प्राचीन संगमरवरी शिलालेख आणि अवशेष यांच्या देखरेखीचे काम पोपने राफाएलकडे सोपवले होते, आणि प्राचीन इमारती चुन्याच्या भट्ट्यांसाठी तोडल्या जात आहेत याबद्दल त्याने पोप दहावा लिओ याला उद्देशून कळकळीचे पत्र तयार केले होते. पँथिऑनच्या घुमटाखालील चौकोनी खणांची नक्षी पाहताना लक्षात येते, की ‘स्कूल ऑफ अथेन्स’मधल्या कमानींच्या खणांची कल्पना त्याला अशा प्राचीन वास्तूंतून सुचली असावी. राफाएलने ग्रीस कधी पाहिले नव्हते. त्याचे अथेन्स हे रोमच्या अवशेषांतून उभे राहिलेले आहे.

तेथून जवळच सांत आगोस्तिनोचे चर्च आहे. त्याच्या एका खांबावर राफाएलने १५१२ साली रंगवलेला बायबलमधला प्रेषित यशया आहे. पीळदार गुडघे, वळलेला धड, जड वस्त्रे : पाहताक्षणी मायकेलअँजेलोची आठवण होते. याचे कारण इतिहासात सापडते. मायकेलअँजेलो रंगवत असलेल्या, व्हॅटिकनमधील सिस्टिन चॅपेल या प्रार्थनागृहाच्या छताचा पहिला भाग १५११ सालच्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी उघडा झाला, आणि रोममधल्या सर्व चित्रकारांना माणसाचे शरीर नव्याने दिसू लागले. मिलानच्या रेखाटनात नसलेला तो दगडी ठोकळ्यावरचा विचारमग्न पुरुष याच सुमारास भिंतीवर आला. चित्र पूर्ण होत आल्यावर तेवढा गिलावा खरवडून, नवा गिलावा चढवून तो रंगवलेला आहे. त्याला हेराक्लिटस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ म्हणतात, आणि त्याचा चेहरा मायकेलअँजेलोचा मानला जातो. मायकेलअँजेलोने मात्र राफाएलच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी एका पत्रात लिहिले, की राफाएलला कलेतले जे काही येत होते ते माझ्याकडून आलेले होते. हे वाक्य कडवट आहे आणि पूर्णपणे न्याय्यही नाही. तथापि ज्याच्याकडून शिकलो त्याला आपल्या चित्रात अगदी पुढे, सर्वांच्या नजरेसमोर बसवणाऱ्या राफाएलने ते ऋण कधी लपवले नव्हते, असेच ती आकृती सांगते.

पाचवा दिवस : व्हॅटिकन

दरवाजे उघडण्याच्या वेळेची तिकिटे आधीच काढून ठेवलेली होती. तरीही नकाशांच्या दालनापर्यंत पोहोचेतो गर्दीचा लोंढा सुरू झालाच. पोप दुसरा जूलियस याला आपल्या आधीच्या, बोर्जिया घराण्यातील पोपच्या दालनांत राहणे नकोसे होते. म्हणून त्याने वरच्या मजल्यावरच्या खोल्या सजवायला घेतल्या आणि १५०८ च्या अखेरीस पंचविशीतला राफाएल त्या कामावर आला. त्याने रंगवलेली पहिली खोली म्हणजे स्तान्झा देल्ला सेन्यातुरा. ती बहुधा पोपचे ग्रंथालय म्हणून योजलेली होती, आणि ग्रंथांच्या चार शाखा चार भिंतींवर आल्या : धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, काव्य आणि न्याय. म्हणून हे चित्र एकटे पाहू नये. त्याच्या समोरच्या भिंतीवर स्वर्ग आणि पृथ्वी यांना जोडणारी धर्मवेत्त्यांची सभा आहे, खिडकीच्या वर अपोलो आणि कवी आहेत, आणि छतावर सिंहासनावर बसलेल्या तत्त्वज्ञानदेवतेच्या शेजारच्या बालकांच्या हाती ‘कारणांचे ज्ञान’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत.

चित्राची भिंत पायथ्याशी पावणेआठ मीटरांच्या आसपास रुंद आहे. मिलानची माणसे आता घरात आली होती. तीन भव्य कमानी एकीमागे एक मागे सरकत जातात, त्यांच्यामधून निळे आकाश दिसते, डावीकडे वीणा घेतलेला अपोलो आणि उजवीकडे ढाल घेतलेली अथीना आपापल्या कोनाड्यांत उभी आहेत, आणि फरशीच्या, कंगोऱ्यांच्या साऱ्या रेषा प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल यांच्या मधोमध एकवटतात. प्लेटोच्या हाती ‘तिमेओ’ हा विश्वोत्पत्तीवरचा ग्रंथ आहे आणि त्याचे बोट वर आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या हाती ‘एतिका’ हा नीतीवरचा ग्रंथ आणि त्याचा तळवा जमिनीला समांतर पसरलेला. या दोन हातांवर असंख्य पाने लिहिली गेली आहेत. मला त्या दोघांत अधिक लक्षणीय वाटली ती त्यांची चाल : दोघे बोलत बोलत आपल्याकडे येत आहेत, एकमेकांकडे पाहत आहेत, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या तरुणांनी त्यांना वाट करून दिली आहे. मतभेद कायम ठेवून बरोबर चालणारे गुरू आणि शिष्य असे ते दृश्य आहे.

कोण कोणता हे शोधण्याचा खेळ प्रत्येक मार्गदर्शक खेळतो आणि त्याच्यामागे उभे असलेले लोक माना उंचावून नावे टिपून घेतात. वास्तविक राफाएलने नावांची यादी ठेवलेली नाही. ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे शीर्षकही त्याचे नव्हे. १५५० साली चरित्रकार वासारी याने या चित्रात ख्रिस्ती शुभवर्तमानकार असल्याचे लिहिले, आणि त्याच वर्षी निघालेल्या एका ठशाच्या चित्रात हे दृश्य संत पॉल अथेन्समध्ये प्रवचन करीत असल्याचे ठरवले गेले. ग्रंथांवरून प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल, प्राचीन मूर्तींत दिसणाऱ्या चपट्या नाकावरून सॉक्रेटिस, पाटीवरून पायथागोरस, पायऱ्यांवर पसरलेल्या बेफिकीर देहावरून डायोजिनिस, मुकुट आणि पृथ्वीगोलावरून टॉलेमी, एवढ्या ओळखी खात्रीच्या म्हणता येतील. भूमिती शिकवणारा युक्लिड की आर्किमिडीज हा वाद आहे, पण त्याचे टक्कल ब्रामान्तेचे आहे यावर बहुतेकांचे एकमत आहे. पांढऱ्या वस्त्रातील सुकुमार व्यक्तीला अलीकडे सर्रास हायपेशिया, म्हणजे प्राचीन अलेक्झांड्रियातील विदुषी, म्हटले जाते. त्याला आधार सापडत नाही, आणि आपल्याला हवे ते नाव चित्रावर चिकटवण्याची ही सवय मला मान्य नाही. पन्नासहून अधिक आकृत्यांपैकी बहुतेकांना नाव नाही, आणि मला ते योग्य वाटते.

सॉक्रेटिसपाशी थांबावे. तो डाव्या बाजूला, हिरवट वस्त्रात, बोटावर बोट ठेवून एकेक मुद्दा मांडतो आहे. त्याच्यासमोर शिरस्त्राण घातलेला एक देखणा योद्धा कमरेवर हात ठेवून ऐकतो आहे. तो अल्सिबायडीस हा अथेन्सचा सेनापती असावा असे म्हणतात. अभिमानी, उधळ्या, तरीही सॉक्रेटिसच्या शब्दाने खिळून राहणारा. त्याच्यामागचा एक जण दूर कोणाला तरी हाताने बोलावतो आहे : या, हे ऐकण्यासारखे आहे.

ताई मात्र पायथागोरसपाशी खिळली होती. डावीकडे खाली तो मोठ्या वहीत लिहितो आहे, आणि एक तरुण त्याच्यासमोर काळी पाटी धरून उभा आहे. पाटीवर रोमन आकड्यांत ६, ८, ९ आणि १२ लिहिलेले असून त्यांना जोडणाऱ्या कमानी काढलेल्या आहेत. “अरे, हे तर सप्तक आहे,” ती म्हणाली आणि तेथेच हलक्या आवाजात समजावू लागली : बारा आणि सहा यांत दुप्पट, म्हणजे षड्ज आणि तारषड्ज, नऊ आणि सहा यांत दीडपट, म्हणजे षड्ज-पंचम, आठ आणि सहा यांत षड्ज-मध्यम, आणि नऊ व आठ यांच्यातले अंतर म्हणजे मध्यम ते पंचम. त्या आकड्यांच्या खाली एक, दोन, तीन, चार अशा रेघांचा त्रिकोण आणि त्यांची बेरीज दहा. प्लेटोच्या ‘तिमेओ’त विश्वाचा आत्मा याच प्रमाणांनी घडवल्याचे वर्णन आहे, म्हणजे जमिनीवर टेकवलेली ती पाटी आणि वर प्लेटोच्या हातातला ग्रंथ यांच्यात एक अदृश्य दोरी ताणलेली आहे. पायथागोरसच्या मागून पगडी घातलेला एक पुरुष छातीवर हात ठेवून वाकून पाहतो आहे. तो बहुधा बाराव्या शतकातील कोर्दोबाचा इब्न रुश्द, युरोपला अव्हेरोस या नावाने ठाऊक असलेला, अ‍ॅरिस्टॉटलचा महान भाष्यकार. पायथागोरस आणि तो यांच्यात सुमारे सतराशे वर्षांचे अंतर आहे, पण या फरशीवर ते एका हाताचे उरले आहे.

उजवीकडची भूमितीची टोळी हा शिक्षक म्हणून माझा सर्वांत आवडता भाग. वाकलेला गुरू जमिनीवरच्या पाटीवर कंपासाने आकृती काढतो आहे आणि भोवती चार मुले आहेत. एक जण गुडघे टेकून, अगदी नाक पाटीला लागेल इतका वाकून, अजून शोधतो आहे. दुसऱ्याला काहीतरी गवसू लागले आहे, तिसरा ते सोबत्याला दाखवतो आहे, आणि उभ्या असलेल्या चौथ्याच्या हातांतच समजल्याचा आनंद आहे. वर्गात फळ्यासमोर उभे असताना हे चारही चेहरे मी एकाच वेळी पाहिलेले आहेत. त्यांच्याशेजारी, अगदी कडेला, टॉलेमीच्या मागे काळी टोपी घातलेला राफाएल आपल्याकडे पाहतो आहे. सगळ्या सभेत आपल्याकडे पाहणारे डोळे थोडेच आहेत, आणि चित्रकाराने आपली जागा श्रोत्यांत, मागच्या रांगेत घेतली आहे.

आता हेराक्लिटस. मिलानमध्ये रिकामी पाहिलेली जागा येथे त्या जडशीळ, जांभळट वस्त्रातील देहाने भरली आहे. लेखणी थबकलेली, डोके मुठीवर टेकलेले, पायांत त्या काळच्या कारागिरासारखे बूट. सगळे बोलत असताना हा गप्प आहे, सगळ्यांना सोबती असताना हा एकटा आहे. तो आल्याने माझ्या समजुतीला बाधा येते का, हा प्रश्न मला येथे पडला, कारण विचार माणसांच्या दरम्यान घडतो असे म्हणणाऱ्या चित्राच्या अगदी पुढ्यात हा एकांतवासी बसलेला आहे. बराच वेळ पाहिल्यावर मला वाटले, की राफाएलने आपल्याच म्हणण्याची दुसरी बाजू प्रामाणिकपणे मान्य केली. ऐकून झाल्यावर माणसाला एकट्याने बसावे लागते. पण सभेने त्यालाही पायरीवर जागा दिली आहे.

तंत्राबद्दल थोडे सांगितले पाहिजे. हे ओल्या गिलाव्यावरचे चित्र आहे. चुन्याचा गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा, आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग द्यायचे. वाळताना चुना हवेतला कर्बवायू शोषून दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. चूक झाली तर गिलावा फोडूनच काढावा लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे वाळलेल्या पृष्ठभागावर, रंगात चिकट द्रव्य मिसळून केलेली आहेत. तेथे हात सावकाश फिरवता येतो. राफाएलच्या भिंतीवरचा प्रत्येक चेहरा गिलावा वाळण्याच्या आत, ठरलेल्या तासांत पुरा झालेला आहे, आणि मिलानच्या कागदावर इतकी मेहनत का घेतली होती ते यावरून कळते.

सहावा दिवस : संत पीटरचे चर्च

शेवटचा दिवस आम्ही चित्रातल्या वास्तूसाठी ठेवला होता. नव्या संत पीटर चर्चची कोनशिला १५०६ सालच्या १८ एप्रिलला बसवली गेली, तेव्हा आराखडा ब्रामान्तेचा होता. राफाएल भिंत रंगवत होता त्या वर्षांत चार प्रचंड खांबांचे बांधकाम राजवाड्याशेजारीच चालू होते. चित्रातील कमानींवर ब्रामान्तेच्या त्या कल्पनेची छाप आहे, म्हणजे जी इमारत अजून उभी राहायची होती तिच्यात राफाएलने ग्रीक तत्त्वज्ञांना आधीच प्रवेश दिला. मुख्य दालनातून चालताना वरचा खणांचा लांबच लांब कमानदार छत पाहिला की कालचे चित्र आपल्या अंगावरून जात असल्यासारखे होते, आणि घुमटाखालच्या खांबांपाशी आल्यावर माणूस किती लहान दिसतो ते पाहून राफाएलचे एक कौशल्य ध्यानात येते : त्याने वास्तू भव्य ठेवली, पण माणसांना तिच्यात लहान होऊ दिले नाही.

चित्रातील तीन चेहरे या एका इमारतीचे प्रमुख वास्तुकार झाले. ब्रामान्ते १५१४ साली वारला, त्याच्या जागी राफाएल आला आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. त्याने चर्चला लांबट रूप देण्याची योजना मांडली. मधली अनेक वर्षे काम रखडत, बदलत राहिले, आणि १५४६ च्या अखेरीस सत्तरी ओलांडलेल्या मायकेलअँजेलोकडे ते आले. त्याने पुन्हा मध्यवर्ती घुमटाच्या मांडणीकडे वळून आजचा घुमट योजला. तो त्याच्या मृत्यूनंतर १५९० साली पूर्ण झाला. चर्चचा पुढचा लांब भाग सतराव्या शतकात मादेर्नो या वास्तुकाराने जोडला. ब्रामान्ते आणि मायकेलअँजेलो यांचे आयुष्यभर कधी पटले नाही. तरीही काम हाती घेतल्यावर मायकेलअँजेलोने एका पत्रात लिहून ठेवले, की ब्रामान्तेचा आराखडा स्वच्छ, प्रकाशमान आणि सुटसुटीत होता, आणि जो त्यापासून दूर गेला तो सत्यापासून दूर गेला. राफाएलने त्या दोघांना पायऱ्यांच्या खाली, एकाच फरशीवर, काही हातांच्या अंतरावर बसवले होते, तेव्हा हे पत्र लिहिले जायला पस्तीसहून अधिक वर्षे बाकी होती.